मांडव ज्येष्ठांच्या मापाचा

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला आरंभ होतो आणि निमंत्रणे येऊ लागतात. गेल्या काही वर्षांत या निमंत्रणांत एक नवा सूर ऐकू येतो. शहरातील वातानुकूलित कार्यालयाऐवजी गावाकडचे शेत, आमराई, जुना वाडा किंवा नदीकाठच्या देवळाचे आवार निवडले जाते. प्लास्टिक नाही, थर्माकोल नाही, फटाके नाहीत. पत्रावळीवर जेवण, झेंडूची तोरणे आणि आहेराऐवजी रोपे, असा सारा बेत असतो. नातवंडांची ही निवड पाहून घरातील ज्येष्ठांना मनापासून आनंद होतो, कारण त्यांचे स्वतःचे लग्न बहुधा अशाच मांडवात लागलेले असते.

त्या आनंदापाठोपाठ एक प्रश्न माझ्या दवाखान्यात येतो. "डॉक्टर, नातवाचे लग्न आहे, गावाकडे, शेतात. मी जाऊ का?" विचारणाऱ्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे असते, सोबतीला रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांपैकी काहीतरी असतेच. कधी हाच प्रश्न मुलगा किंवा सून खालच्या आवाजात विचारते आणि त्यातच उत्तरही दडलेले असते: "आईंना घरीच ठेवावे म्हणतो. मोबाइलवर सगळे दाखवू."

माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारावयास हवा. ज्येष्ठ त्या लग्नाला जाण्याजोगे आहेत का, हे पाहण्यापूर्वी ते लग्न ज्येष्ठांना येण्याजोगे आखले आहे का, हे पाहावे. घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाच्या सोयीने आखलेला विवाह आपोआप लहान होतो, वेळेत उरकतो, कमी खर्चात बसतो आणि निसर्गालाही कमी तोशीस देतो. पर्यावरण आणि वार्धक्य या दोघांच्या गरजा येथे बऱ्याच अंशी एकच आहेत: सावली, स्वच्छ पाणी, ताजे अन्न, शांतता आणि थोडकी माणसे.

साधेपणाचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह अगदी अल्प खर्चात पार पडला. आपल्याकडे 'यादी पे शादी' ही रीतही आहेच. याद्या करावयास जमलेली मंडळी दोन्ही घरांच्या संमतीने त्याच दिवशी लग्न लावून मोकळी होतात. ज्या घरातील आजी-आजोबांची प्रकृती नाजूक आहे, त्या घराने या रीतीचा विचार अवश्य करावा. दोन-तीन दिवसांची दगदग त्यामुळे एका सकाळीवर येते.

ऋतू आणि वेळ

शेतातील लग्नाचा पहिला निर्णय तारखेचा असतो आणि प्रकृतीच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. अक्षय्य तृतीया आणि तिच्या आगेमागे येणाऱ्या तिथी भर उन्हाळ्यातील आहेत. त्या दिवसांत विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात पारा ४० अंशांच्या वर जातो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या एका सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. खारघर हे काही विदर्भातील गाव नव्हे. सावलीविना, गर्दीत, तासन्‌तास बसावे लागले की समुद्राजवळच्या दमट हवेतही ऊन जीवघेणे ठरते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

वयपरत्वे तहानेची जाणीव मंद होते, घाम कमी येतो आणि त्वचेकडे रक्त वळवून शरीर थंड ठेवण्याची क्षमता उणावते. त्यात लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर गटातील रक्तदाबाची औषधे आणि काही मानसिक विकारांवरील औषधे ही क्षमता आणखी कमी करतात. म्हणून शक्य असेल तर मार्गशीर्ष ते माघ हा काळ निवडावा. उन्हाळाच गाठावा लागला तर सकाळी लवकरचा मुहूर्त धरावा आणि अकराच्या आत पहिली पंगत बसवावी. अन्यथा आपल्या परंपरेतीलच गोरज मुहूर्त घ्यावा. गुरे गोठ्याकडे परतण्याची ही वेळ उन्हाळी लग्नासाठी शहाणपणाची आहे. दिवसाउजेडी किंवा तिन्हीसांजेला लागणाऱ्या लग्नाला दिव्यांची रोषणाई आणि जनरेटरही कमी लागतो.

थंडीचे दिवस निवडले तरी पहाटेच्या गारठ्याचा विचार हवा. शेतातील पहाट शहरातील पहाटेपेक्षा बरीच थंड असते. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी कानटोपी व शाल घेऊन, उन्हे वर आल्यावरच मांडवात यावे.

उष्माघाताची लक्षणे सांभाळणाऱ्यांनी पाठ करून ठेवावीत: अंग तापणे, असंबद्ध बोलणे, चालताना झोक जाणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेलेले असते. अशा वेळी रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा, मानेशी, काखेत आणि जांघेत बर्फ किंवा थंड फडकी ठेवावीत व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पॅरासिटामॉलच्या गोळीने हा ताप उतरत नाही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

मांडव, वाट आणि पाऊल

पत्र्याच्या शेडखाली आणि पॉलिस्टरच्या झगमगीत कापडाखाली दुपारी भट्टीसारखी धग साचते. जुना मांडव वेगळा होता. कोकणात नारळाच्या झावळ्या, देशावर आंबा, जांभूळ, उंबर यांचे डहाळे असे त्याचे छप्पर असे. पानांमधून वारा खेळतो आणि हिरव्या पानांतील ओलाव्याने खालची हवा थोडी गार राहते. लग्नानंतर हे सारे खतात जाते. मांडव निदान दोन बाजूंनी मोकळा ठेवावा. आमराईचीच सावली मिळाली तर छपराचा बराचसा खर्च वाचतो. मात्र फांद्यांवर आग्यामोहोळ आहे का, ते आधी पाहून घ्यावे. धूर आणि मोठा आवाज यांनी मोहोळ उठते आणि अशा वेळी पळू न शकणारे ज्येष्ठच सापडतात. मोहोळ असेल तर जागा बदलावी. ते जाळण्याच्या भानगडीत पडू नये.

आता पायांखालची जमीन. काढणी झालेले शेत लांबून सपाट दिसते. प्रत्यक्षात त्यात ढेकळे असतात आणि ज्वारी-तुरीची धसकटे टोकदार उभी असतात. त्यावर नुसता गालिचा अंथरला की खळगे झाकले जातात आणि पडण्याचा धोका वाढतो. वाहनतळापासून मांडवापर्यंत, मांडवापासून जेवणाच्या जागेपर्यंत आणि तेथून शौचालयापर्यंत दोन माणसे शेजारी चालतील एवढी वाट मुरूम घालून, पाणी मारून, चोपून घ्यावी. चाकाची खुर्चीही तीवरून जाते. जनरेटरच्या आणि दिव्यांच्या तारा वाटेवरून आडव्या नेऊ नयेत. गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या फुलांच्या पाकळ्या, रांगोळी आणि अक्षता पायाखाली घसरतात. विधी आटोपताच त्या झाडून घ्याव्यात. सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिन्यांचे परावलंबन असते. त्यापुढे मुरमाच्या दोन ट्रॉल्यांचा खर्च किरकोळ आहे.

मधुमेही ज्येष्ठांच्या पायांविषयी विशेष सांगावयास हवे. मांडवात पादत्राणे काढण्याची आपली रीत आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या जमिनीवर किंवा गालिच्यावर पाय भाजला, धसकट रुतले, तरी त्यांना ते कळत नाही. चार दिवसांनी जखम चिघळल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. यजमानांनी अशा पाहुण्यांना बंद, मऊ पादत्राणे घालून बसण्याची मोकळीक आपण होऊन द्यावी. बोहल्याजवळ स्वच्छ कापडी बूट वापरता येतील. रात्री घरी आल्यावर दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहाव्यात.

बसण्यासाठी हात असलेल्या, भक्कम खुर्च्या ठेवाव्यात. हातांवर जोर देऊन उठता येते, तेव्हाच गुडघ्यांना आधार मिळतो. मऊ मातीत प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय रुततो आणि खुर्ची कलंडते, म्हणून ज्येष्ठांच्या रांगेखाली फळ्या टाकाव्यात. छायाचित्रांसाठी आजी-आजोबांना बोहल्यावर चढवून तिष्ठत उभे करण्यापेक्षा वधू-वरांनी खाली येऊन त्यांच्या शेजारी बसावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना बराच वेळ उभे राहिल्याने भोवळ येऊ शकते. शिवाय नमस्कारासाठी नव्या जोडप्याने वाकायचे असते. ज्येष्ठांनी पायऱ्या चढायच्या नसतात.

पाणी आणि शौचालय

हे दोन विषय निमंत्रणपत्रिकेत कधी नसतात, परंतु लग्नानंतरच्या आठवड्यात दवाखान्यात येणारे बरेचसे आजार येथूनच निघतात. गावाकडील विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते निर्जंतुक केल्याशिवाय शेकडो माणसांना देऊ नये. साधारणपणे १००० लिटर स्वच्छ पाण्याला चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, जिला गावोगाव टीसीएल म्हणतात, पुरते. मात्र पावडर जुनी असेल किंवा पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण बदलते. म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आधीच भेटून त्याच्याकडून पाण्यात औषध टाकून घ्यावे, किमान एक तास थांबावे आणि ओ.टी. चाचणीने पाण्यात क्लोरीन उतरले आहे ना, हे पाहावे. ज्येष्ठांसाठी आणि बाळांसाठी उकळून गार केलेले पाणी निराळ्या माठांत भरून ठेवावे. ओगराळ्याने पाणी काढून तांब्या-पेल्यात द्यावे. माठात हात बुडू देऊ नये. अशी सोय केली तर प्लास्टिकच्या बाटल्यांचे खोकेच आणावे लागत नाहीत. सरबतात बाहेरून आणलेला बर्फ मात्र टाळावा. तो कोणत्या पाण्याचा आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

तहान भागविण्यासाठी ताक, कोकम सरबत, पन्हे आणि लिंबू सरबत ही आपली पेये उत्तम. मधुमेहींसाठी बिनसाखरेचे आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी बिनमिठाचे एक-एक भांडे वेगळे ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लावावी. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांना "घ्या, घ्या" असा आग्रह करू नये.

शौचालयाची गोष्ट अधिक नाजूक आहे. जागा सोयीची नसेल तर आपल्या घरातील वृद्ध स्त्रिया तक्रार करीत नाहीत. त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कित्येक ज्येष्ठ लघवी वाढविणारी गोळीही त्या दिवशी मुद्दाम टाळतात. परिणामी कोणाला भोवळ येते, कोणाला दोन दिवसांनी लघवीचा जंतुसंसर्ग होतो, तर हृदयविकार असलेल्यास रात्री दम लागतो. म्हणून मांडवापासून हाकेच्या अंतरावर निदान एक कमोड असलेले शौचालय, धरावयास दांडा, न घसरणारी जमीन, पाणी, साबण, उजेड आणि आतून सहज लागणारी कडी एवढी व्यवस्था हवीच. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी पुढेमागे करता येते. ती आपल्या डॉक्टरांना विचारून करावी, मनाने बंद करू नये.

पंगत

हातात ताटली घेऊन उभ्याने जेवण्याची पद्धत थरथरत्या हातांसाठी नाही. जुनी भारतीय बैठकही दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नाही. यावर मध्यम मार्ग सोपा आहे: लांब बाकांवर बसून, समोर टेबल ठेवून पंगत वाढावी. वाढपी दोनदा फिरतो, पाहिजे तेवढेच वाढतो आणि पानात अन्न टाकले जात नाही. केळीचे पान किंवा पळसाची पत्रावळ मातीत मिसळून जाते. केवळ एक काळजी घ्यावी. पत्रावळ टाचण्यासाठी वापरलेली बारीक काडी सुटून अन्नात येऊ शकते. दृष्टी अधू असणाऱ्यांना आणि कवळी वापरणाऱ्यांना ती कळत नाही. त्यांच्यासाठी केळीचे पान किंवा स्टीलचे ताट बरे. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आहे, तर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. गावातील बचत गटाकडे किंवा देवस्थानाकडे भांडी भाड्याने मिळत असतील तर ती घ्यावीत; पैसाही गावातच राहतो.

पदार्थ थोडके आणि त्या प्रदेशाचे असावेत. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, देशावर वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी आणि मठ्ठा, कोकणात आमटी-भात आणि सोलकढी, एवढ्याने पंगत तृप्त होते. वीस पदार्थांच्या जेवणात निम्मे पदार्थ तासन्‌तास झाकून पडलेले असतात, आणि विषबाधेचे मूळ बहुधा तेथेच असते. शिजविलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानाच्या दरम्यान राहिले की जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून भात, भाज्या पंगतीगणिक ताज्या कराव्यात आणि दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेले अन्न वाढू नये. कडक उन्हाळ्यात ही मर्यादा एक तासाची धरावी. बासुंदी, खवा, पनीर यांचे पदार्थ उन्हाळ्यात टाळलेले बरे. हाताच्या जखमेतील किंवा नाकातील काही जंतू अशा पदार्थांत वाढून विष तयार करतात, आणि ते विष पदार्थ पुन्हा तापविल्यानेही नाहीसे होत नाही. आचाऱ्यांच्या हातांवर फोड किंवा जखम नाही ना, आणि त्यांच्यासाठी साबण-पाणी आहे ना, हे यजमानांपैकी एकाने जातीने पाहावे.

मधुमेही पाहुण्यांची खरी अडचण गोड पदार्थांपेक्षा वेळेची असते. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते, मुहूर्त लांबतो, वरात रेंगाळते आणि जेवणाला दोन वाजतात. साखर उतरते, घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे मात्र "उन्हामुळे झाले असेल" म्हणून दुर्लक्षिली जातात. ज्येष्ठांसाठी मुहूर्ताआधीच एक लहान पंगत बसवावी. अक्षता टाकल्याशिवाय जेवायचे नाही, असा कोणाचा नेम असेल तर गोळ्यांच्या वेळेविषयी आदल्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. मऊ भात, साधे वरण, कमी तिखट-मिठाची एक भाजी एवढे निराळे केले, की पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या, दात नसलेल्या मंडळींनाही पंगतीचा मान मिळतो.

उरलेले अन्न

गावाकडे उरलेला भात, पोळ्या आणि जिलेब्या गोठ्यातील गुरांपुढे टाकल्या जातात. हे पुण्य नव्हे. एकदम पुष्कळ पिष्टमय अन्न खाल्ल्याने गाई-बैलांच्या पोटात आम्लता वाढते आणि जनावर दगावू शकते. माणसे मोजून स्वयंपाक करावा, दोन तासांच्या आत उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवावे आणि खरकटे खड्ड्यात मातीआड करावे. मांडवामागे कचरा पेटवू नये. प्लास्टिकचा धूर दमेकऱ्यांना तत्काळ बाधतो.

आवाज आणि धूर

सनई-चौघड्यावर लागलेले लग्न ज्येष्ठांना शेवटपर्यंत ऐकता येते. डीजेसमोर त्यांना उठून जावे लागते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना भिंतीसारखा आवाज असह्य होतो, ते यंत्र काढून ठेवतात आणि मग मंगलाष्टकेही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. होमाचा धूर मोकळ्या बाजूने जाईल असे कुंड मांडावे, आणि दम्याच्या रुग्णांना वाऱ्याच्या दिशेने बसवू नये. जनरेटर मांडवापासून आणि विशेषतः झोपण्याच्या खोल्यांपासून दूर ठेवावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो झोपेतच प्राण घेऊ शकतो.

रात्रीचा मुक्काम

शक्यतो ज्येष्ठांनी त्याच दिवशी परतावे. मुक्काम करावाच लागला तर त्यांना खाटेवर झोपवावे आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. तो दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि पहाटे पोटदुखी, जड पापण्या अशी लक्षणे दिसतात. सर्पदंशात कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांत वेळ घालवू नये. हात किंवा पाय न हलविता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. कोकणात विंचूदंशही गंभीर ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाने त्यातील मृत्यू टळू शकतात, हे ग्रामीण रुग्णांवर उपचार करून जगाला दाखवून दिले. उपचार आहे, अट एवढीच की रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे.

यासाठी स्थळ ठरवितानाच सर्वांत जवळचे चोवीस तास उघडे असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे, तेथे प्रतिविष आणि हृदयविकाराची प्राथमिक सोय आहे का, मांडवात मोबाइलला रेंज आहे का आणि रुग्णवाहिका शेतापर्यंत येऊ शकते का, या चार गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. एक मोटार आणि तिचा न पिणारा चालक दिवसभर त्यासाठी राखून ठेवावा. वरातीच्या गाड्यांनी शेतरस्ता अडवू नये.

आजी-आजोबांची पिशवी

लग्नाला निघताना पुढील वस्तू एकाच कापडी पिशवीत असाव्यात आणि ती पिशवी गाडीच्या डिकीत नव्हे, हाताशी असावी:

• दोन दिवस अधिक पुरतील एवढी औषधे, मूळ वेष्टनासह, आणि औषधांच्या चिठ्ठीची प्रत.
• दम्याचा पंप. डॉक्टरांनी दिली असल्यास जिभेखाली ठेवण्याची गोळी.
• चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्राचे जादा सेल, काठी.
• साखरेची पुडी, ओआरएसची पाकिटे, पाण्याची बाटली.
• टोपी किंवा छत्री, सुती पंचा, एक जादा कपड्यांचा जोड.
• नाव, आजार, औषधांची ॲलर्जी आणि घरच्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड.

इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. शीतकपाट नसेल तेथे कोरड्या डबीत घालून ओलसर मातीच्या माठात ठेवल्यास ते दिवसभर चांगले राहते.

सांभाळणाऱ्यांसाठी

घरात अंथरुणावरील किंवा स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ असतील तर बहुधा एक सून किंवा मुलगी लग्नाला मुकते, आणि तिने मुकावे हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. याद्या करतानाच तीन-चार नातलगांची नावे लिहून प्रत्येकाकडे दोन-दोन तास सोपवावेत. अगदी घरीच राहणे भाग असेल तर विश्वासू मदतनीस आधीच ठरवावा आणि आठवडाभर आधी त्याची रुग्णाशी ओळख होऊ द्यावी.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अनोळखी जागा आणि गर्दी गोंधळात टाकते. सायंकाळी हा गोंधळ वाढतो. त्यांना सकाळच्या विधीला तासभर आणावे, ओळखीचा माणूस सतत हाताशी ठेवावा, आणि मांडवाजवळ पडदा लावून एक शांत, खाट असलेली खोली राखावी. तेथे इतर ज्येष्ठांनाही दुपारी पाठ टेकता येते. शेताच्या बाजूला उघडी विहीर किंवा शेततळे असेल तर त्याला कुंपण घालून तेथे माणूस उभा करावा. लहान मुलांसाठीही ते आवश्यकच आहे.

कोणी जाऊ नये, हेही स्पष्ट सांगावयास हवे. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेले, शस्त्रक्रियेतून नुकतेच उठलेले, विश्रांतीतही दम लागणारे, ताप असलेले किंवा ज्यांची साखर वा रक्तदाब अद्याप आटोक्यात नाही, अशांनी आपल्या डॉक्टरांच्या संमतीविना प्रवास करू नये. त्यांच्यासाठी लग्नाआधीचे केळवण घरी करावे. वधू-वरांनी त्यांच्या खाटेजवळ बसून जेवावे, त्यांच्या हातून अक्षता घ्याव्यात आणि त्याच अक्षता मांडवात इतर अक्षतांत मिसळाव्यात. मोबाइलच्या पडद्यावर लांबून लग्न पाहण्यापेक्षा हा सहभाग कितीतरी मोठा आहे.

हे सारे वाचून यजमानांना वाटेल की कामे वाढली. तथापि हिशेब मांडून पाहावा. मुरमाची वाट, माठातील शुद्ध पाणी, चार पदार्थांची ताजी पंगत, पानांचा मांडव आणि सनई एवढ्यासाठी जो खर्च येतो, त्याहून अधिक रक्कम डीजे, रोषणाई, वीस पदार्थ आणि बाटल्यांची खोकी यांवर जाते. शंभर-दीडशे माणसांचे लग्न ठेवले तर प्रत्येक ज्येष्ठाकडे कोणाचे लक्ष आहे, हे सांगता येते. हजार माणसांत ते शक्य होत नाही.

म्हणून ज्या घरी येत्या हंगामात कार्य आहे, त्यांनी स्थळ पक्के करण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तेथे एकदा घेऊन जावे. त्यांना गाडीतून उतरू द्यावे, मांडवाच्या जागेपर्यंत चालू द्यावे, शौचालय पाहू द्यावे, सावलीत अर्धा तास बसू द्यावे. त्यांना कोठे थांबावे लागले, कोठे हात धरावा लागला, ते लिहून घ्यावे. लग्नाच्या तयारीची यादी तेथूनच सुरू करावी.